आलोच

४ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते. पण फोनवर मी पोटातलं काही सांगायला लागले की तू मध्येच विचारतेस, "वहिनी, तुझ्याकडे नळ ठिबकतोय का गं?" आज मला नळाबद्दल बोलायचं नाही. तुझ्या दादाबद्दल बोलायचं आहे.

मागच्या शुक्रवारी चिंगीला पोहण्याच्या क्लासहून आणायची पाळी त्याची होती. संध्याकाळी औषधांचं काउंटर सोडून मला हलता येत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी दुपारी मी फोन करून आठवण केली. "हो हो, आलोच," म्हणाला. सात वाजता तलावाच्या रखवालदाराचा मला फोन आला. क्लास कधीच सुटला होता. चिंगी ओल्या केसांनी, अंगाला टॉवेल गुंडाळून, बंद तिकीट खिडकीखालच्या पायरीवर बसून होती. मी समोरच्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून धावले आणि तिला घेऊन तडक दादाच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तर स्वारी एका जुन्या शिलाई मशीनचे सगळे अवयव टेबलावर मांडून बसलेली! मान वर करून काय म्हणाला माहीत आहे? "अगं बघ, हिची कुरकुर कुठून येत होती ते सापडलं!" मग त्याला माझ्यामागे उभी असलेली चिंगी दिसली. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही.

चिंगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुझं आलोच म्हणजे किती वेळ असतं?" मीच रडले.

आता खरी गोष्ट. आमचे मालक दुसऱ्या शहरात नवं दुकान काढतायत आणि ते सांभाळायला त्यांनी मला विचारलं आहे. पगार बरा, राहायला जागा देणार. दहा एप्रिलपर्यंत कळवायचं आहे. मी जायच्या विचारात आहे. म्हणजे मी आणि चिंगी. त्याला अजून काही बोलले नाही.

तू त्याची बहीण, एकाच घरात वाढलात. खरं सांग, हा पहिल्यापासून असाच आहे, की त्याला माझा कंटाळा आलाय? बारा वर्षं हा प्रश्न गिळतेय मी. मला गोड उत्तर नको.

तुझी,
वहिनी

९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मी नाटक कंपनीच्या कपड्यांच्या खोलीत आहे. संध्याकाळच्या प्रयोगाला शिपायांच्या अंगरख्यांना बटणं लावायची आहेत आणि ती सोडून मी तुला लिहितेय. यातच तुझं अर्धं उत्तर आलं.

उरलेलं अर्धं हे. पहिल्यापासून असाच. आई त्याला कोपऱ्यावरून ब्रेड आणायला पाठवायची. "आलोच" म्हणून जायचा आणि तासाभरानं कुणाचा तरी बंद पडलेला टेबलफॅन बगलेत मारून परत यायचा. ब्रेडचा पत्ता नाही. आई कपाळाला हात लावायची. मला तर ती "एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणायची. त्याच चिंध्यांवर आज पोट भरतेय म्हणा.

आता तुला एक सांगते, जे घरात कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी मी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी मला एक प्रश्नावली भरायला दिली. ती मी अर्धीच भरली आणि त्यांचं पेन घेऊन घरी आले. पुढच्या खेपेला त्या हसून म्हणाल्या, उरलेली नाही भरली तरी चालेल. मला एडीएचडी आहे. दादालाही असणार, मी पैज लावते.

म्हणजे काय, ते तुला कसं सांगू? लोकांना वाटतं आमच्याकडे लक्ष नसतं. लक्ष ढीगभर असतं गं. ते कुठे बसावं हे आमच्या हातात नसतं. मला वाटतं तुझ्या डोक्यात एक दारवान आहे. कुणाला आत सोडायचं, कुणाला थांबवायचं, तो बघतो. माझा दारवान चहाला गेलाय तो आलेलाच नाही. तुझं बोलणं, नळाचं ठिबकणं, मानेला टोचणारं लेबल, काल कुणीतरी तुसडेपणानं बोललेलं वाक्य, सगळे एकदम आत घुसतात आणि प्रत्येक जण म्हणतो, आधी माझं. आणि कधीतरी त्यातला एकच जण असा गळ्यात पडतो की बाकी जग बुडालं तरी कळत नाही. ती दादाची मशीन.

लोक आळशी म्हणतात. अगं, आळशी माणूस मजेत असतो! मी एका साध्या कागदासमोर सकाळपासून बसून स्वतःला "ऊठ, ऊठ, ऊठ ना गं मेले" म्हणत घामाघूम झालेली आहे. यात कसली आलीय मजा?

आणि वेळ. तुझ्याकडे पाच मिनिटं असतात, अर्धा तास असतो, परवा असतो. माझ्याकडे दोनच गोष्टी: "आत्ता" आणि "आत्ता नाही". संध्याकाळचा क्लास आणि पुढच्या वर्षीचं घरभाडं, दोन्ही "आत्ता नाही"च्या एकाच पेटाऱ्यात.

"आलोच" हा शब्दच बघ. यायचं अजून बाकी आहे आणि क्रियापद भूतकाळातलं! बाकीचे तो तोंडदेखला वापरतात. दादा मनापासून म्हणतो. त्याच्या डोक्यात तो खरंच आलेला असतो. तुझ्यापर्यंत पोचलेला नसतो, एवढंच.

तुझा कंटाळा? वहिनी, विसरणं वेगळं आणि नकोसं होणं वेगळं. गेल्या वर्षी मी स्वतःचा वाढदिवस विसरले, तो काही मला माझा कंटाळा आला म्हणून नाही.

जायची घाई करू नकोस. या उन्हाळ्यात मी येतेय तुमच्याकडे. आलेच!

तुझी,
भिंगरी

ता.क. बटणं राहिली. दोन शिपाई आज उघड्या छातीनं लढणार.

१३ मार्च

भिंगरी,

पत्र वाचून हसले. मग हसल्याचाच राग आला.

तू म्हणतेस त्या आजाराच्या गोळ्या मी रोज काउंटरवरून देते. लहान मुलांचे आईबाप नेतात. चाळिशीतल्या बाप्यालाही ते असू शकतं, हे मी शिकताना वाचलं होतं. पण घरातल्या माणसाकडे बघताना ते कधी डोक्यात आलं नाही. असेल, तुझं खरं असेल.

पण मग पुढे? त्याचा दारवान चहाला गेला म्हणून त्या जागी माझी नेमणूक झाली का? बारा वर्षं मी त्याच्या दारात उभी आहे. त्याच्या किल्ल्या मी आठवायच्या, विजेचं बिल मी, चिंगीच्या शाळेची सभा मी, त्याच्या दाताची तारीखही मीच. मी बायको आहे की गजराचं घड्याळ? आणि घड्याळ वाजलं की लोक ते थोपटून गप्प करतात, तसंच मलाही. मला विसरायची सोय नाही, भिंगरी. मी एक दिवस विसरले तर आमचं घर बंद पडेल. तुझ्या पत्रात त्याच्या डोक्यात काय चालतं ते सगळं आहे. माझ्या डोक्यात काय चालतं ते एका ओळीनं तरी विचारायचं होतंस. कारण समजलं म्हणून चिंगीचे ओले केस वाळत नाहीत.

त्या शुक्रवारनंतर मी त्याच्याकडून ते काम काढून घेतलं. शेजारची तिच्या मुलीबरोबर चिंगीलाही घेऊन येते. तो हूं की चूं बोलला नाही. सुटलो, असंच वाटलं असणार.

आणि आता ही नवी तऱ्हा ऐक. त्याच्या समोरच्या शिंपीणबाई खोकल्याचं औषध न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचे यजमान हल्ली मधूनच दुपारी तीनला कुलूप लावून जातात, तब्येत बरी नाही का?" रात्री जेवताना विचारलं. म्हणाला, "काही नाही, जरा बाहेर." आणि नजर चुकवली. विसराळू आहे हे मान्य. पण खोटं तो कधी बोलत नव्हता.

तीन वाजता हा जातो कुठे? तुला माहीत असेल तर सांग. तुम्हा भावंडांचं एकमेकांपासून काही लपत नाही. याचं उत्तर मला लवकर हवं आहे.

वहिनी

५ एप्रिल

भिंगरी,

तीन आठवडे वाट पाहिली. रोज पेटी उघडून बघते. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणजे काय समजायचं ते मी समजले. एक तर मी तुला बोलले ते तुला लागलं, किंवा तीन वाजताचं उत्तर असं आहे की बहिणीला भावाबद्दल ते लिहवत नाही. शेवटी रक्त रक्ताकडेच ओढ घेणार. मी बाहेरून आलेली.

माझा तुझ्यावर राग नाही. दमलेय, एवढंच. शनिवारी मालकांना "हो" कळवते. मग त्यालाही सांगते. चिंगीची शाळा संपली की निघू. तू येशील तेव्हा आम्ही तिथे नसू, म्हणून हे आधीच लिहिलं.

वहिनी

७ एप्रिल

वहिनी, वहिनी, वहिनी,

थांब. शनिवारच्या आत हे तुझ्या हातात पडायलाच हवं. आमच्या सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर उद्या तुमच्या गावावरून जाणार आहे. तो तुझ्या काउंटरवर येऊन देईल. लांब मिशा आहेत, घाबरू नकोस. फोन हातात घेतला होता, पण फोनवर मी रडेन आणि भलतंच बोलेन.

मी तुला उत्तर लिहिलं होतं! तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी. पाकीट बंद केलं, पत्ता घातला, तिकीट लावलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की न्यायाधीशाच्या कोटाचा काजा उसवला. मी कोट हातात घेतला, पाकीट क्षणभर त्याच्या खिशात ठेवलं, काजा शिवला आणि कोट देऊन टाकला. माझ्या डोक्यात पत्र पोस्टात पडलेलं होतं. तुझं उत्तर का येत नाही म्हणून मीच रुसून बसले होते, बोल!

ते नाटक दौऱ्यावर गेलं. परत आल्यावर काल इथे त्याचा प्रयोग होता. शेवटच्या अंकात न्यायाधीश खिशात हात घालून निकालाचा कागद काढतो. निकाल नेहमीसारखा डाव्या खिशात, पण काल त्याचा हात चुकून उजव्यात गेला, आणि तिथे तुझं पाकीट. भरल्या नाट्यगृहासमोर त्यानं निकाल म्हणून तुझा पत्ता वाचायला सुरुवात केली. आरोपी घाम पुसत राहिला. आज सकाळी त्यानं पाकीट माझ्या हातात ठेवलं, आणि दुपारी तुझं पत्र आलं.

वरातीमागून घोडं, पण पाठवतेय. जसंच्या तसं, फोडलेलं नाही. माझं गप्प राहणं म्हणजे राग नव्हता गं. ते कोटाच्या खिशात होतं.

भिंगरी

(सोबतचं पत्र)

१६ मार्च

वहिनी,

मला झापलंस ते बरं केलंस. खरंच मी तुझ्याबद्दल एक ओळ विचारली नाही. मला स्वतःबद्दल सांगायला इतक्या वर्षांनी कुणीतरी मिळालं आणि मी सुटलेच. बारा वर्षं तू एकटीनं तीन माणसांचं डोकं वाहिलंस. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, "तुमचा दोष नाही, पण तुमची जबाबदारी आहे." दोष नाही एवढंच मी तुला ऐकवलं, पुढचं खाऊन टाकलं. दादाचं डोकं सांभाळणं हे दादाचं काम आहे, तुझं नाही. हे मी त्यालाही सांगणार आहे.

तीन वाजता तो कुठे जातो ते मला माहीत आहे. त्यानं शपथ घातली होती सांगू नको म्हणून. मोडते. पाप लागलं तर मला लागू दे.

तो तलावावर जातो. मंगळवारी आणि शुक्रवारी, चिंगीच्या क्लासच्या दिवशी. क्लास संध्याकाळचा, तरी तीनलाच कुलूप लावतो, कारण मशीन समोर असली तर उठणं होणार नाही, हे त्याला आता पक्कं कळलंय. रस्त्यापलीकडच्या बाकावर बसतो. क्लास सुटतो, चिंगी शेजारणीबरोबर घरी जाते, ती वळणाआड गेली की हा दुकानात परत येतो. तिला हाक मारत नाही. तू काढून घेतलेलं काम त्यानं न विचारता परत घेतलं असं तुला वाटू नये म्हणून.

मी म्हटलं, दादा, हा काय वेडेपणा? म्हणाला, "सराव करतोय. सलग जमायला लागलं की तिला विचारीन, चिंगीला मी आणू का." मी म्हटलं, मग वहिनीला आत्ताच सांग ना. तर म्हणाला, "बोललो की ते पुन्हा आलोचच होईल. आता बोलायचं नाही, पोचायचं."

मी त्याला डॉक्टरांचंही सांगितलंय. पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे मी वाईट नाहीये?" चाळीस वर्षांचा माणूस, वहिनी.

जायचं की राहायचं ते तूच ठरव, मी मध्ये पडणार नाही. पण ठरवण्याआधी एकदा तीन वाजता तिकडे जाऊन ये.

तुझी,
भिंगरी

१७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

मिशा खरंच लांब आहेत. आत गिऱ्हाईक असताना त्यांनी दारातून आरोळी ठोकली, "न्यायाधीशांकडून पत्र आहे!" आमचे मालक खुर्चीवरून उठले. मला वाटतं त्यांना वाटलं मी घटस्फोटाला निघाले. तसं बघायला गेलं तर फार चुकीचं नव्हतं.

त्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तीनला तलावाकडे गेले. बाकावर बसला होता. भिंगरी, त्याच्या हातात काही नव्हतं. ज्या माणसाचे हात मी बारा वर्षांत कधी रिकामे पाहिले नाहीत, जेवतानाही ज्याला चमच्याचा स्क्रू शोधायचा असतो, तो दोन्ही हात मांडीवर ठेवून तलावाच्या दाराकडे बघत बसला होता. दर थोड्या वेळानं उठायचा, दोन पावलं जायचा, पुन्हा येऊन बसायचा. मी कोपऱ्यावर उभी राहून पाहत होते. त्याला किती कष्ट पडतायत ते लांबूनही दिसत होतं. मला वाटलं होतं हे काम काढून घेतल्यावर हा सुटला. हा तर तिथेच बसून होता.

जाऊन शेजारी बसले. तो इतका दचकला की बाकावरून पडायचा राहिला. म्हणाला, "तू? काउंटर?"

मी म्हटलं, "काउंटरला 'आलेच' सांगून आलेय."

मग आम्ही बोललो. लग्नानंतर इतकं बोललो नसू. नव्या नोकरीचं सांगितलं. त्यानं थांब म्हटलं नाही. म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो." आणि मग त्याला रडू फुटलं आणि मलाही. आइस्क्रीमवाला गाडी घेऊन येत होता, आम्हाला बघून लांबूनच वळला. क्लास सुटला तेव्हा चिंगी दारात येऊन थबकली. आधी तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि शेजारणीचा हात सोडून पळत सुटली.

मी अटी घातल्या आहेत. त्याचा दारवान मी होणार नाही. डॉक्टरांची वेळ त्यानं स्वतः घ्यायची, मी आठवण करणार नाही. घेतलीही. जाताना पहिल्यांदा चुकीच्या दवाखान्यात गेला, दातांच्या. पण मग योग्य ठिकाणी पोचला. घरात "आलोच" या शब्दाला बंदी. चिंगीला हे सगळं सांगितलं तर तिनं विचार केला, आत गेली आणि स्वतःचा डावा बूट घेऊन आली. म्हणाली, "बाबा, क्लासच्या दिवशी हा तू ने. मी चपला घालून जाईन. बूट मिळाल्याशिवाय मी घरी येणार नाही, म्हणजे तुला यावंच लागेल." आता मंगळवार-शुक्रवार तो बूट मशीनवर, सुईच्या बरोबर समोर बसलेला असतो. गिऱ्हाइकं विचारतात, बूटही शिवता का?

मंगळवारी वेळेवर पोचला. काल दहा मिनिटं उशीर, बूट हातात धरून रस्त्यानं धावत. बघणारे बघत राहिले म्हणे. शेजारणीला महिनाभर तरी मागे राहायला सांगितलंय, मी काही भाबडी नाही. नव्याचे नऊ दिवस मी पुष्कळ पाहिलेत. पण पूर्वी तो उशिरा आला की सबबी सांगायचा. काल तो चिंगीला म्हणाला, "दहा मिनिटं चुकली." तिनं त्याला माफ करून टाकलं. मला जरा वेळ लागेल.

मालकांना काय सांगितलं ते ऐक. "हो" म्हणाले नाही, "नाही"ही म्हणाले नाही. म्हटलं, "आत्ता नाही." ते म्हणाले, पुढच्या वर्षी परत विचारतो. म्हणजे मी राहतेय. कायमची का, ते मला विचारू नकोस. आत्ता राहतेय. तुमच्या घराण्यात तोच मोठा शब्द आहे ना?

तुझ्या पत्राचं एक मनात राहिलं. तू गप्प होतीस आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझा मीच लावला. त्याच्या विसरण्याचाही असाच लावत आले असेन. पण भिंगरी, पोस्टात टाकायचं पाकीट कोटात ठेवू नये, हेही तितकंच खरं.

आता तुझा हिशोब. तीन उन्हाळे तू "आलेच, आलेच" म्हणतेस. चिंगीनं निरोप दिलाय. तुझी एक चप्पल पाठवून दे.

तुझी,
वहिनी

२४ एप्रिल

वहिनी,

खोक्यात माझी आवडती चप्पल आहे, निळ्या पट्ट्याची. डावी. दुसरी माझ्याकडे, आणि तिच्यावाचून माझं पाऊल उचलत नाही.

पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीनं पोचते. तिकीट काढलंय आणि ते न्यायाधीशाकडे ठेवायला दिलंय, खिशात नाही, हातात. आपण दोघी बसू. मी नळाकडे लक्ष देणार नाही असं वचन देत नाही, पण तो ठिबकत असेल तर दादाकडून आधी दुरुस्त करून घे. मग तू बोल. यावेळी सगळं तुझं.

"तो" शब्द लिहीत नाही.

भिंगरी

ता.क. हे खोक्याच्या बाहेरून लिहितेय, कारण आतलं चिकटवून झालं. आत्ता पायात बघितलं तर निळी डावी पायातच आहे. म्हणजे तुझ्याकडे उजवी येतेय. असू दे. जोडी तुझ्याच दारात जुळेल.